एकच पत्ता, अनेक रूपे : वेब सर्व्हरवरील आशय-निवड आणि मराठी वाचक

प्रास्ताविक

एखाद्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर प्रवेशाचे माहितीपत्रक ठेवलेले असते. ते मराठीत असते आणि इंग्रजीतही असते. वेबपृष्ठाच्या स्वरूपात असते आणि छापून घेण्याजोग्या पीडीएफ स्वरूपातही असते. म्हणजे माहितीपत्रक एकच, पण त्याची रूपे चार. या चार रूपांना चार स्वतंत्र पत्ते द्यावेत, की पत्ता एकच ठेवून कोणाला कोणते रूप पाठवावयाचे हे सर्व्हरने ठरवावे? वेबच्या रचनाकारांनी दुसऱ्या पर्यायाची सोय फार पूर्वीच करून ठेवलेली आहे. ब्राउझर पृष्ठाची मागणी करताना आपल्याला काय चालते आणि त्यातले काय अधिक पसंत आहे हे सोबत कळवितो. सर्व्हर आपल्याजवळील रूपांपैकी त्या पसंतीशी सर्वाधिक जुळणारे रूप निवडून पाठवितो. या व्यवस्थेस इंग्रजीत 'कंटेंट निगोशिएशन' अशी संज्ञा आहे. निगोशिएशन म्हणजे वाटाघाट. परंतु येथे घासाघीस अशी होत नाही. एक मागणी, एक उत्तर, आणि व्यवहार संपला. म्हणून प्रस्तुत लेखात 'आशय-निवड' ही संज्ञा योजिली आहे.

ही व्यवस्था कशी चालते हे समजावून देणे हा लेखाचा एक हेतू होय. त्याबरोबरच एक मतही मांडावयाचे आहे. जेथे यंत्राची क्षमता यंत्रालाच सांगावयाची असते तेथे आशय-निवड उत्तम चालली. जेथे माणसाची आवड सांगावयाची होती, विशेषतः भाषेची, तेथे ती फसली. त्या फसगतीचा भार इंग्रजी वाचकावर पडत नाही. तो मराठीसारख्या भाषांच्या वाचकावर पडतो.

पार्श्वभूमी

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत वेबची उभारणी केली, तेव्हाचा १९९१ सालचा संदेशनियम अत्यंत साधा होता. मागणी एका ओळीची, आणि उत्तरात केवळ एचटीएमएल मजकूर. आपण काय पाठवीत आहोत हे सांगण्याची सोय सर्व्हरला नव्हती, आणि काय हवे हे सांगण्याची सोय ब्राउझरला नव्हती.

ही उणीव भरून काढणारी कल्पना ई-मेलच्या जगातून आली. नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ साली 'माइम' हे मानक मांडले. त्यात प्रत्येक मजकुराला दोन पदांचे नाव मिळाले : 'टेक्स्ट/एचटीएमएल', 'इमेज/जेपेग', 'ॲप्लिकेशन/पीडीएफ' अशा धर्तीचे. पहिले पद जात सांगते, दुसरे पोटजात. माइममध्ये आणखी एक सोय होती. एकाच पत्रात तोच मजकूर साध्या अक्षरांत आणि सजविलेल्या स्वरूपात, असा दोन्ही प्रकारे घालता येत असे, आणि वाचणाऱ्याचे सॉफ्टवेअर त्यातले पेलवेल ते दाखवीत असे. पत्राच्या बाबतीत हे ठीक होते, कारण पत्र पाठविणाऱ्याला वाचणाऱ्याचे यंत्र ठाऊक नसते. वेबवर मात्र मागणारा आधी बोलतो. त्यामुळे सर्व रूपे एकत्र पाठविण्याऐवजी पसंती आधी कळवावी आणि एकच रूप आणावे, हे शक्य झाले. त्या काळच्या मंद जोडण्या पाहता हा बदल मोलाचा होता.

मे १९९६ मधील एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात पसंती कळविणाऱ्या ओळी मुख्य मजकुरात नसून परिशिष्टात होत्या. जानेवारी १९९७ च्या १.१ आवृत्तीत आणि जून १९९९ च्या तिच्या सुधारित दस्तऐवजात, म्हणजे आरएफसी २६१६ मध्ये, त्यांना पूर्ण स्थान मिळाले. आज प्रमाण मानला जाणारा दस्तऐवज जून २०२२ चा आरएफसी ९११० हा आहे.

निवड कशी होते

ब्राउझरच्या मागणीसोबत काही शीर्ष-ओळी जातात. 'ॲक्सेप्ट' ही ओळ मजकुराचा प्रकार सांगते, 'ॲक्सेप्ट-लँग्वेज' ही भाषा, आणि 'ॲक्सेप्ट-एन्कोडिंग' ही संक्षेपणाची पद्धत. 'ॲक्सेप्ट-चारसेट' ही वर्णसंच सांगणारी चौथी ओळही होती. युनिकोडचे यूटीएफ-८ रूप जवळपास सर्वत्र रूढ झाल्याने २०२२ च्या मानकाने तिचा वापर निरुपयोगी ठरविला आहे.

प्रत्येक पसंतीपुढे ० ते १ यांमधील एक अंक देता येतो. त्यास 'क्यू' मूल्य म्हणतात. अंक दिला नसल्यास तो १ धरला जातो. ० दिल्यास 'हे मला मुळीच नको' असा अर्थ होतो. उदाहरणार्थ :

ॲक्सेप्ट-लँग्वेज : एमआर, एचआय;क्यू=०.७, ईएन;क्यू=०.५

येथे 'एमआर' ही मराठीची, 'एचआय' ही हिंदीची आणि 'ईएन' ही इंग्रजीची आंतरराष्ट्रीय खूण होय. ओळीचा अर्थ असा : मराठी मिळाल्यास उत्तम, नसेल तर हिंदी, तीही नसेल तर इंग्रजी. सर्व्हरजवळ केवळ हिंदी व इंग्रजी रूपे असल्यास हिंदी पाठविले जाईल. यांपैकी एकही नसेल तर सर्व्हरने '४०६', म्हणजे 'स्वीकारार्ह रूप नाही', असे उत्तर द्यावे किंवा मागणीतील पसंती बाजूस ठेवून जे आहे ते पाठवावे. मानकाने दोन्हींना मुभा दिली आहे. बहुतेक सर्व्हर दुसरा मार्ग पत्करतात, आणि तेच योग्य होय. भुकेल्या पाहुण्याला 'तुमच्या आवडीची भाजी नाही' म्हणून ताटावरून उठविण्यात अर्थ नसतो.

सर्व्हरच्या मालकालाही स्वतःचे मत असू शकते. १९९५ पासून उपलब्ध असलेल्या अपाची या सर्व्हरमध्ये प्रत्येक रूपाला मूळ गुणवत्तेचा अंक देता येतो. समजा, वार्षिक अहवालाच्या वेबपृष्ठाला १ आणि पीडीएफला ०.५ असा अंक दिला. वाचकाच्या ब्राउझरने वेबपृष्ठासाठी ०.६ आणि पीडीएफसाठी ०.९ असे कळविले. अपाची दोन्हींचा गुणाकार करतो : वेबपृष्ठ ०.६, पीडीएफ ०.४५. वाचकाला पीडीएफ अधिक पसंत असूनही वेबपृष्ठ मिळते. हा दोष नव्हे. पीडीएफ ही छापील पानांची केवळ प्रतिमा असेल आणि वेबपृष्ठ नीट बांधलेले असेल, तर तो मालकाचा रास्त निर्णय आहे.

अपाचीवर हे सर्व साधण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत रूपांची यादी असलेली स्वतंत्र धारिका लिहावी लागते. दुसरीत 'मल्टिव्ह्यूज' ही सोय सुरू करून धारिकांच्या नावांना शेवटी भाषेची खूण जोडली की भागते. एकाच नावाच्या धारिकेला शेवटी 'एमआर' आणि दुसरीला 'ईएन'. सोपेपणामुळे ही दुसरी रीत लोकप्रिय झाली, परंतु मागणी येईल तेव्हा सर्व्हरला संपूर्ण फोल्डर चाळावे लागते हे तिचे मूल्य आहे.

यंत्रांच्या संवादातील यश

आशय-निवड फसली असे म्हणणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. आपण पाहतो त्या बहुतेक प्रत्येक पृष्ठामागे ती रोज घडत असते. ब्राउझर 'ॲक्सेप्ट-एन्कोडिंग' मध्ये जीझिप किंवा ब्रोटली चालते असे कळवितो आणि सर्व्हर मजकूर दाबून लहान करून पाठवितो. वाचकाला पत्ताही लागत नाही.

चित्रांचेही तसेच. गूगलने २०१० साली वेबपी हा चित्रप्रकार जाहीर केला. काही ब्राउझर तो लगेच ओळखू लागले. ॲपलच्या सफारीने तो २०२० मध्ये स्वीकारला. मधल्या दशकात अनेक संकेतस्थळांनी 'ॲक्सेप्ट' ओळ पाहून ज्याला वेबपी समजते त्याला वेबपी आणि इतरांना जेपेग पाठविले. पत्ता तोच राहिला, पृष्ठातील एक अक्षरही बदलावे लागले नाही.

अध्यापकांना आणि ग्रंथपालांना थेट उपयोगी पडणारे उदाहरण डीओआयचे आहे. शोधनिबंधाचा डीओआय पत्ता ब्राउझरमध्ये घातला की आपण प्रकाशकाच्या पृष्ठावर पोहोचतो. परंतु तोच पत्ता 'ॲक्सेप्ट' ओळीत बिबटेक् या संदर्भस्वरूपाची मागणी करून घातला, तर क्रॉसरेफ किंवा डेटासाइट यांच्याकडे नोंदलेल्या निबंधाची पूर्ण संदर्भनोंद थेट हाती येते : लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, वर्ष. संदर्भसूची तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रकाशकाचे पृष्ठ धुंडाळावे लागत नाही. माणसाला पृष्ठ आणि यंत्राला नोंद, पत्ता एकच. या कल्पनेचे इतके निर्मळ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

या तिन्ही ठिकाणी एक समान गोष्ट आढळते. ब्राउझर किंवा सॉफ्टवेअर स्वतःच्या क्षमतेविषयी बोलते, आणि ती त्याला नेमकी ठाऊक असते.

अर्थात यंत्रेही नेहमी खरे बोलत नाहीत. जुना इंटरनेट एक्स्प्लोरर आपल्या 'ॲक्सेप्ट' ओळीत काही चित्रप्रकार, संगणकावर ऑफिस बसविलेले असल्यास एक्सेल व वर्ड यांचे प्रकार, आणि शेवटी 'बाकी काहीही' असे कळवीत असे. वेबपृष्ठाचे नावच त्या यादीत नसे! अशा ओळींत क्यू मूल्ये नसत, म्हणून 'बाकी काहीही' याला अपाची आपल्या मनाने ०.०१ इतके अल्प मूल्य देई. परिणामी एखाद्या फोल्डरमध्ये त्याच नावाचे वेबपृष्ठ आणि वर्ड धारिका असतील तर वाचकापुढे वर्ड धारिका येण्याचा संभव असे. एक्सएचटीएमएल या स्वरूपाचीही अशीच परवड झाली. जानेवारी २००० मध्ये ते मानक आले, पण त्याचा स्वतःचा माइम प्रकार इंटरनेट एक्स्प्लोररला समजू लागला तो २०११ मधील नवव्या आवृत्तीत. तोपर्यंत काळजीवाहू संकेतस्थळे त्याला तेच पृष्ठ साध्या एचटीएमएलच्या नावाने पाठवीत राहिली.

भाषेच्या बाबतीत काय घडले

आता मराठी वाचकाकडे वळू. भाषेची पसंती ब्राउझरला स्वतःहून ठाऊक नसते. ती कोणीतरी त्याला सांगावी लागते. सेटिंग्जच्या आत खोलवर भाषांची यादी असते आणि तिच्यात मराठी वर आणून ठेवता येते. परंतु हे करणारा वाचक विरळा. ब्राउझर ज्या भाषेत बसविला गेला तीच भाषा यादीत प्रथम राहते. आपल्याकडे संगणक आणि फोन बहुधा इंग्रजीत मांडलेले विकत मिळतात, आणि मेनू इंग्रजीत ठेवण्याची सवय मराठीत वाचणाऱ्यांनाही असते. अशा ब्राउझरमधून सर्व्हरकडे जाणारी ओळ सांगते : आधी ब्रिटिश इंग्रजी, मग अमेरिकी इंग्रजी, मग कोणतीही इंग्रजी. सर्व्हरच्या दृष्टीने हा वाचकाचा कौल असतो. वास्तविक वाचकाला कोणी विचारलेलेच नसते.

ज्याने मुद्दाम मराठी निवडली त्याचीही वाट सरळ नाही. भाषेच्या खुणेला प्रदेशाची खूण जोडता येते. 'एमआर-आयएन' म्हणजे भारतातील मराठी. आरएफसी २६१६ च्या नियमानुसार मागणीतील लघुखूण पृष्ठावरील दीर्घखुणेशी जुळते, उलट नाही. म्हणजे 'एमआर' मागणाऱ्याला 'एमआर-आयएन' पृष्ठ चालते. पण 'एमआर-आयएन' मागणाऱ्याला नुसते 'एमआर' पृष्ठ जुळत नाही. आता पुढील ओळ पाहावी :

ॲक्सेप्ट-लँग्वेज : एमआर-आयएन;क्यू=०.९, ईएन;क्यू=०.८

सर्व्हरवर 'एमआर' आणि 'ईएन' अशी दोन पृष्ठे आहेत. अपाची इंग्रजी पृष्ठ पाठवितो. मराठी पृष्ठ आहे, वाचकाने मराठी प्रथम मागितली आहे, आणि तरीही इंग्रजी येते. तेही नियमाचे काटेकोर पालन करून. इंग्रजी यादीतच नसती तर अपाचीने अखेरचा उपाय म्हणून प्रदेशखूण काढून मराठी पृष्ठ दिले असते. दुसरी भाषा चालेल असे सांगण्याचा समंजसपणा वाचकाच्या अंगावर येतो तो असा. म्हणूनच ब्राउझर हल्ली 'एमआर-आयएन' च्या मागोमाग नुसते 'एमआर' ही स्वतंत्रपणे लिहितात. २००६ च्या आरएफसी ४६४७ ने खूण उजवीकडून छाटत जाऊन शोधण्याची अधिक सुजाण रीत दिली, पण कोणती रीत वापरावी हे सर्व्हरच्या रचनाकारावरच सोडलेले आहे.

गोव्यात प्रश्न आणखी एका पायरीने वाढतो. कोकणीची खूण 'केओके' ही आहे, परंतु वाचकाला देवनागरी कोकणी हवी की रोमी, हे तिच्यातून कळत नाही. लिपीची खूण जोडण्याची सोय मानकात आहे. ती ब्राउझरच्या यादीत शोधून लावणारा वाचक कोठून आणावा?

मराठीच्या वाट्याला याहून जुना एक पेच आला होता. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच स्थान होते. पण विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय विंडोज २००० पासून आली, आणि ती घरोघरी पोहोचण्यास आणखी काही वर्षे लागली. तोवर मराठी मजकूर वेबवर आला तो विशिष्ट फाँटांच्या आधारे. या फाँटांत लॅटिन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. सर्व्हर सांगे की हा पाश्चात्त्य वर्णसंचातील मजकूर आहे. वाचकाकडे तो फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटे. आशय-निवडीचा सारा डोलारा 'मी काय पाठवीत आहे' या घोषणेच्या खरेपणावर उभा असतो. येथे घोषणाच खोटी होती. त्या काळात पाठवून ठेवलेली कित्येक पृष्ठे आजही शोधयंत्रांना मराठी म्हणून ओळखता येत नाहीत.

मानककर्त्यांना ठाऊक असलेल्या मर्यादा

या उणिवा मानक लिहिणाऱ्यांना अज्ञात होत्या असे नाही. आरएफसी २६१६ मध्येच नमूद आहे की वाचकाला नेमके काय सोयीचे हे सर्व्हरला अचूक कळणे शक्य नाही. त्याला मजकूर पडद्यावर पाहावयाचा आहे की कागदावर छापावयाचा, हेदेखील सर्व्हर जाणत नाही. प्रत्येक मागणीसोबत आवडीनिवडी कळवीत राहण्यात खासगीपणाचा भंग आहे, हेही तेथे मान्य केलेले आहे. ही भीती २०१० साली आकड्यांत दिसली. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्सली यांनी ४,७०,१६१ ब्राउझरांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांपैकी ८३.६ टक्के ब्राउझर केवळ स्वतःविषयी सांगत असलेल्या माहितीवरून एकमेवाद्वितीय म्हणून ओळखता आले. शीर्ष-ओळी हा त्या माहितीचा एक भाग होता. परदेशातील एखाद्या विद्यापीठाच्या जाळ्यावर मराठी प्रथम मागणारा ब्राउझर बहुधा एखादाच असेल. आपली भाषा सांगणे म्हणजे तेथे आपली ओळख सांगणे ठरते.

साठवणुकीचा प्रश्न अधिक रोजचा आहे. सर्व्हर आणि वाचक यांच्यामध्ये बहुधा एखादा मध्यस्थ साठा असतो. पूर्वी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत प्रॉक्सी सर्व्हर असत, आता वितरणसेवा असतात. पत्ता एकच असल्याने पहिल्या वाचकाने आणविलेले इंग्रजी पृष्ठ मध्यस्थ पुढच्या मराठी वाचकालाही देऊन टाकील. हे टाळण्यासाठी सर्व्हरने उत्तरासोबत 'व्हेरी' ही ओळ पाठवून आपण कोणत्या शीर्षानुसार निवड केली ते सांगावयाचे असते. ती विसरल्यास होणारी चूक फार फसवी असते, कारण ती तपासणाऱ्याच्या संगणकावर दिसत नाही आणि दुसऱ्याच कोणाच्या पडद्यावर प्रकटते.

शोधयंत्रांचाही विचार करावा लागतो. गूगलचा शोधक सामान्यतः 'ॲक्सेप्ट-लँग्वेज' पाठवीतच नाही. एकाच पत्त्यामागे दडलेले मराठी पृष्ठ त्याला दिसेलच असे नाही. न दिसलेले पृष्ठ शोधनिकालांत येत नाही. प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता द्यावा अशी गूगलची शिफारस आहे. विकिपीडियानेही तोच मार्ग घेतला आहे. २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियाचा पत्ता स्वतंत्र आहे.

महाविद्यालयीन संकेतस्थळापुरते

प्रस्तुत लेखकाच्या मते भाषेसाठी आशय-निवडीचा उपयोग केवळ उंबरठ्यापुरता करावा. मुखपृष्ठाच्या पत्त्यावर प्रथमच येणाऱ्या वाचकाला ब्राउझरची ओळ पाहून मराठी किंवा इंग्रजी विभागात न्यावे. त्यापुढे प्रत्येक पृष्ठाला भाषेनुसार वेगळा पत्ता असावा, आणि दुसऱ्या भाषेचा दुवा प्रत्येक पृष्ठावर ठळकपणे त्या त्या भाषेतच लिहिलेला असावा. वाचकाने एकदा दुव्याने भाषा बदलली की त्याचा शब्द ब्राउझरच्या ओळीपेक्षा वरचढ मानावा.

आणखी एक निर्णय तंत्रज्ञावर सोडून चालणार नाही. अपाचीत 'लँग्वेजप्रायॉरिटी' नावाची एका ओळीची सूचना असते. तिच्या जोडीला 'फोर्सलँग्वेजप्रायॉरिटी' ही सूचना दिली की पसंती जुळत नसेल किंवा एकाहून अधिक रूपे सारखीच जुळत असतील, तेव्हा कोणती भाषा द्यावी हे ती ओळ ठरविते. तिच्यात प्रथम मराठी लिहावी की इंग्रजी, हा प्राचार्यांच्या दालनात चर्चिला जावा असा धोरणाचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात तो संकेतस्थळ बांधणाऱ्या कंत्राटदाराने दुसऱ्या कोठून तरी उचललेल्या धारिकेत कधीच सुटलेला असतो.

अध्यापकांच्या नित्य कामाशी निगडित अशी एक अडचण मात्र तंत्राने पुरती सुटत नाही. शोधनिबंधात आपण संकेतस्थळाचा पत्ता संदर्भ म्हणून देतो. त्या पत्त्यामागे भाषेनुसार निवड होत असेल तर निबंधकाराने वाचलेला मराठी मजकूर आणि परीक्षकाच्या पडद्यावर येणारा इंग्रजी मजकूर भिन्न असू शकतात, आणि दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी अद्ययावत केलेल्या असतीलच याची शाश्वती नसते. सर्व्हर 'कंटेंट-लोकेशन' या ओळीत निवडलेल्या रूपाचा स्वतंत्र पत्ता कळवू शकतो, पण ब्राउझर तो पत्त्याच्या पट्टीत दाखवीत नाही. म्हणून अशा पृष्ठाचा संदर्भ देताना भाषेच्या आवृत्तीचा स्वतंत्र पत्ता शोधून तोच द्यावा. तो नसल्यास पाहिल्याच्या दिनांकासोबत 'मराठी आवृत्ती' किंवा 'इंग्रजी आवृत्ती' असे स्पष्ट लिहावे.